संगणकाच्या पाठीवरील लाल खटका

संगणकाची पेटी उघडण्यास चार स्क्रू पुरतात. म्हणूनच कीं काय, तिची भीति कोणास वाटत नाहीं. आमच्या सटाण्यांत एका गृहस्थांनीं ती धूळ झाडण्यासाठीं उघडली. पुसतां पुसतां पाठीमागचा लहानसा लाल खटका सरकला. वीज सोडतांच मोठा आवाज झाला व घरभर जळका वास सुटला.

त्या खटक्यावर २३० व ११५ असे दोन आंकडे असतात. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट, अमेरिकेंत तो १२०. जुन्या धर्तीच्या पॉवर सप्लायमध्यें हा प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून दोन कपॅसिटरांत सांठवितात. तेथें दाब सुमारें ३२५ व्होल्ट भरतो व दोघांत निम्मानिम्मा वांटला जातो. खटका ११५ वर गेला कीं जोडणी दाब दुप्पट करणारी होते. प्रत्येकावर ३२५ चा भार पडतो, आणि कपॅसिटर असतो बहुधा २०० व्होल्टांचा. त्यानें टिकावें कसें?

याहून भयंकर प्रसंग पुढेंच होता. काय फुटलें तें पाहावें म्हणून गृहस्थ पॉवर सप्लायच उघडूं लागले. शेजारच्या वायरमननें हात धरला म्हणून बरें. पिन काढल्यावरहि न फुटलेल्या कपॅसिटरांत प्राणघातक भार कांहीं वेळ राहूं शकतो.

पुष्कळशा नव्या पॉवर सप्लायना हा खटका नसतोच. १०० ते २४० व्होल्टांशीं ते आपोआप जुळवून घेतात. गृहस्थांची हार्ड डिस्क सुदैवानें वांचली. मुलीच्या प्रबंधाची तेवढी एकच प्रत होती.