चाकांवरचे बिऱ्हाड आणि गॅस

युरोपात पुष्कळ कुटुंबे मोटारीतच बिऱ्हाड थाटून प्रवास करतात. या मोटारींतील शेगडी बहुधा द्रवरूप गॅसवर चालते. हा गॅस मुख्यतः दोन जातींचा : ब्यूटेन आणि प्रोपेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास उकळतो. थंडी त्याखाली गेली की तो टाकीत द्रवरूपच राहतो आणि शेगडी विझते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. म्हणून हिवाळ्यात नॉर्वेकडे जाणाऱ्याने प्रोपेनच घ्यावा.

दोन्ही वायू हवेहून जड. गळती झाली तर ते तळाशी साचतात. त्यांना वाट मिळावी म्हणून तळाला भोके ठेवलेली असतात. गार वारा येतो म्हणून ती कदापि बुजवू नयेत.

याहूनही कपटी कार्बन मोनॉक्साइड! अपुऱ्या हवेत ज्वलन झाले की तो निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. निजलेला माणूस निजलेलाच राहतो. तेव्हा त्याची सूचना देणारी घंटा अवश्य बसवावी आणि उबेसाठी शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. पांघरूण एक अधिक घ्यावे. खिडकीची फट मात्र उघडी असावी.