खर्जाचा आवाज कितीला पडतो?

शाळा-कॉलेजात मुलांचा वाद्यवृंद उभा राहतो तेव्हा गिटार, की-बोर्ड, ड्रम यांची जमवाजमव आधी होते. बेस गिटार सगळ्यात शेवटी येते आणि तिच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी पैसे उरलेले नसतात. मग ती शाळेच्या लाउडस्पीकरला जोडली जाते. वाजवणारा जीव तोडून वाजवतो, पण सभागृहात ऐकू येते ती तारेवर बोट आपटल्याची टकटक. आवाज वाढवत नेला की स्पीकर फडफडू लागतो आणि एखाद्या वेळी कायमचा गप्प होतो. यात वाजवणाऱ्याचा दोष नसतो. खर्जाच्या आवाजाचे हिशेबच वेगळे आहेत. ते समजले, तर वर्गणीतून जमलेले थोडेसे पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालवू नयेत, हे आपले आपल्याला ठरवता येते.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, साध्या गिटारची ८२. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर ४१ कंपनांच्या स्वराची तरंगलांबी ८.४ मीटर येते. एखाद्या वर्गखोलीच्या लांबीएवढी! हा आकडा लक्षात असू द्या.

आता स्पीकरकडे पाहू. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते आणि त्याला कागदी शंकू चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की शंकू पुढे-मागे होतो आणि हवा ढकलतो. समजा, एक सप्तक खालचा स्वर तेवढ्याच जोरात काढायचा आहे. शंकूला किती जास्त हवा हलवावी लागेल? विद्यार्थ्यांना विचारून पाहा. बहुतेक जण ‘दुप्पट’ म्हणतील. खरे उत्तर आहे चौपट. ध्वनीचा दाब शंकूच्या त्वरणावर अवलंबून असतो आणि शंकू तेवढेच अंतर हलत असताना वारंवारता निम्मी झाली की त्वरण एक-चतुर्थांश होते. ही तूट भरून काढायची, तर शंकू चौपट अंतर हलला पाहिजे किंवा त्याचे क्षेत्रफळ चौपट पाहिजे. शंकूच्या हलण्याला काही मिलिमीटरची मर्यादा असते. ती ओलांडली की तो फडफडतो, फाटतो. म्हणून उरतो मार्ग क्षेत्रफळाचा. भरीस भर म्हणजे आपला कानही खाली मंद असतो. हळू आवाजात ऐकताना ४१ कंपनांचा स्वर १००० कंपनांच्या स्वराइतका मोठा वाटावा, यासाठी तो सुमारे ४० डेसिबलने जास्त लागतो, म्हणजे तीव्रता दहा हजारपट!

पुठ्ठ्याचा प्रयोग

जुन्या रेडिओतला स्पीकर बाहेर काढा आणि तारा लांबवून रेडिओ चालू ठेवा. उघड्या स्पीकरचा आवाज चिरका, पोकळ वाटेल. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट धरा. आवाज एकदम भरदार होतो. शंकू पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. स्पीकर उघडा असेल, तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागची पोकळी भरून काढते. छोट्या तरंगलांबीच्या स्वरांना असे वळायला सवड मिळत नाही, पण ८.४ मीटर लांबीच्या तरंगापुढे वीतभर स्पीकरला वळसा घालणे म्हणजे काहीच नाही. पुठ्ठा ही वाट अडवतो. पेटी तीच वाट पूर्ण बंद करते.

ही गोष्ट वाद्ये बनवणाऱ्यांनाही टप्प्याटप्प्याने उमगत गेली. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत ‘प्रिसिजन बेस’ ही भरीव लाकडाची इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आणली. पूर्वीच्या माणसाएवढ्या डबल बेसचा पोकळ देह स्वतःच हवा हलवायचा. भरीव लाकडाला ते जमणार नव्हते, म्हणून १९५२ मध्ये तिच्यासाठी ‘बेसमन’ अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याच्या पुढच्या एका नमुन्यात १० इंची चार स्पीकर होते, पण पेटी मागून बरीचशी उघडी होती. गंमत अशी, की हा बेसचा अ‍ॅम्प्लिफायर साध्या गिटारवाल्यांनीच डोक्यावर घेतला. इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये तयार झालेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच धर्तीवर बेतलेला होता. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने काढलेल्या ‘एस.व्ही.टी.’चा थाट मात्र खास बेसचा होता. ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि १० इंची आठ स्पीकरची पूर्ण बंद पेटी. ती हलवायला दोन दणकट गडी लागतात.

पेटी बंद करायची, तर मग लहान का करू नये? इंजेक्शनची सिरिंज घ्या (अर्थात सुईशिवाय). दट्ट्या अर्ध्यावर ठेवून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबून पाहा. मग आत थोडीशीच हवा ठेवून दाबा. हवा कमी, तर तिची ‘स्प्रिंग’ ताठ. छोट्या पेटीतली ताठ हवा शंकूला खालच्या स्वरांवर मोकळेपणाने हलू देत नाही. ध्वनितज्ज्ञ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कोणी तिन्ही देऊ करत असेल, तर त्याची जाहिरात पुन्हा वाचावी.

यात एक दिलासाही आहे. बेसच्या तारेतून नुसता ४१ चा स्वर निघत नाही. ८२, १२३, १६४ असे उपस्वरही निघतात आणि ते बहुधा मूळ स्वरापेक्षा जोरकस असतात. मूळ स्वर क्षीण असला, तरी या उपस्वरांवरून आपला मेंदू तो ‘ऐकतो’. म्हणून तर हातात मावणाऱ्या रेडिओवरही गाण्यातला बेस कोणता सूर धरून चालला आहे, हे कळते. बेसच्या बऱ्याच नावाजलेल्या पेट्यांचा आवाज ४१ पर्यंत पोहोचताना चांगलाच उतरलेला असतो आणि कोणाचे काही अडत नाही. तेव्हा ‘३० हर्ट्झपर्यंत’ असे छापलेल्या पेटीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. ८० ते २०० च्या पट्ट्यात दमदार आवाज देणारी पेटी मिळाली की काम झाले. (पाचवी जाड तार असलेली बेस गिटार ३१ कंपनांपर्यंत उतरते. पैसे कमी असतील, तर तिचा मोह टाळलेला बरा.)

वॅटचा भुलभुलैया

खरेदीला गेल्यावर सगळे बोलतात ते वॅटबद्दल. खरे तर सर्वात कमी उपयोगाचा आकडा हाच. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, जाणवेल न जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्याऐवजी पत्रकात स्पीकरची ‘सेन्सिटिव्हिटी’ शोधा: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. घरगुती स्पीकर साधारण ८७ चे, तर बेसच्या चांगल्या पेट्या ९७ ते १०० च्या असतात. ८७ आणि ९९ मधला फरक १२ डेसिबलचा, म्हणजे शक्तीत सोळापट. ९९ च्या पेटीवर ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर जे करील, त्यासाठी ८७ च्या स्पीकरला ८०० वॅट लागतील आणि तेवढे पचवण्याआधीच तो जळेल.

शिवाय छापलेले वॅट खरे असतीलच असे नाही. घरगुती स्टीरिओवर पी.एम.पी.ओ. अशी अक्षरे आणि शेजारी हजाराच्या घरातला आकडा असे, ते आठवत असेल. अशा संचाच्या पाठीमागची पट्टी विद्यार्थ्यांना वाचायला लावावी. विजेच्या तारेतून ४० वॅट घेणारा संच १००० वॅट देणार कोठून? ऊर्जा अक्षय्यतेचा धडा याहून स्वस्तात शिकवता येणार नाही. आजच्या पत्रकांवर ‘पीक’ असा शब्द दिसला, तर तोही याच घराण्यातला समजावा. ‘आर.एम.एस.’ किंवा ‘सलग’ शक्तीचा आकडा मागावा.

माझे मत असे, की जमलेल्या पैशांतला मोठा वाटा पेटीवर घालावा. वर्गातल्या सरावाला ३०-५० खरे वॅट चालतात, ड्रमसोबत छोट्या सभागृहात २०० च्या आसपास हवेत. हे पेटी चांगली असेल तर. १५ इंची एका स्पीकरचे कामाचे क्षेत्रफळ सुमारे ८५० चौरस सेंटिमीटर असते. १० इंची दोघांचे मिळून ७०० आणि चौघांचे १४००. अ‍ॅम्प्लिफायर अलीकडे हलके झाले आहेत, तीनेक किलोत काही शे वॅट मिळतात. पण हवा हलवण्याचे गणित जिथल्या तिथे आहे. म्हणून वीस वर्षांपूर्वीची जड, ओबडधोबड पेटी जुन्या बाजारात मिळाली तर नाक मुरडू नये.

जुनी पेटी घेताना खिशात टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल आणि मल्टिमीटर ठेवा. सेल क्षणभर टेकवला की सगळे शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला, तर तारा उलट जोडलेल्या आहेत. ते दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. दुरुस्ती दोन मिनिटांची, पण त्या पेटीचा भाव मात्र पाडून मिळतो! ‘८ ओहम’च्या पेटीवर मल्टिमीटर ६ च्या आसपास दाखवतो, ते बरोबरच आहे. बोटांनी शंकू सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. खरखर जाणवली, तर वेटोळे घासते आहे. अशी पेटी घेऊ नये.

८ ओहमची एक पेटी आज आणि तशीच दुसरी पुढच्या वर्षी, असा बेत ठेवता येतो. दोन्ही समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. क्षेत्रफळ दुप्पट होते आणि ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर कमी ओहमला जास्त शक्ती देतो. मात्र त्याच्यावर ‘किमान ४ ओहम’ असे लिहिलेले असले पाहिजे. ४ ओहमच्या दोन पेट्या अशा जोडल्या तर २ होतील आणि तो तापून बसेल.

कार्यक्रमाच्या दिवशी पेटी मागच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. ८.४ मीटरच्या तरंगाला एवढ्या जवळची भिंत वेगळी वाटत नाही. परतलेला तरंग मूळ तरंगात मिसळून खर्ज वाढवतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तीच पेटी भिंतीपासून दोन मीटर पुढे ओढली, तर भिंतीपर्यंत जाऊन-येऊन चार मीटर होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी तरंगलांबी. परतलेला तरंग मग मूळ तरंगाच्या विरोधात येतो आणि सर्वात जाड तारेचा स्वरच लंगडा पडतो. वादकांनी ‘आज पेटी बिघडली’ अशी तक्रार केली, तर स्क्रू-ड्रायव्हर शोधण्याआधी ती मागे सरकवून पाहावी.