प्रादेशिक क्रीडा वाहिनी (अमेरिका)

प्रादेशिक क्रीडा वाहिनी म्हणजे एखादे महानगर आणि त्याभोवतीचा प्रदेश एवढ्याच क्षेत्रात दाखवली जाणारी आणि तेथील व्यावसायिक संघांच्या सामन्यांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी होय. अमेरिकेत १९७० आणि १९८०च्या दशकांत केबल दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर या वाहिन्या उदयास आल्या. बेसबॉल, बास्केटबॉल व आइस हॉकी या तीन खेळांतील संघांच्या उत्पन्नाचा त्या सुमारे तीन दशके मोठा आधार होत्या. सामना पाहणारे आणि न पाहणारे अशा सर्व केबल ग्राहकांकडून दरमहा थोडी थोडी रक्कम गोळा करणे, हा या व्यवसायाचा पाया होता. २०१० नंतर केबल जोडणी बंद करणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तसा हा पाया खचत गेला.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत प्रक्षेपण हक्कांची विक्री दोन प्रकारे होते. १९६१ सालच्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने संघांना आपले हक्क एकत्र करून राष्ट्रीय वाहिन्यांना विकण्याची मुभा दिली. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) ही पद्धत पूर्णपणे स्वीकारली. तिच्या नियमित हंगामातील सामने राष्ट्रीय करारांखाली येतात आणि त्यांचे उत्पन्न सर्व संघांत वाटले जाते. त्यामुळे प्रादेशिक वाहिन्यांच्या वाढीत फुटबॉलचा वाटा नगण्य आहे.

अन्य तीन खेळांचे गणित वेगळे आहे. बेसबॉलचा प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो, तर बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे संघ प्रत्येकी ८० हून अधिक सामने खेळतात. इतके सामने दाखवणे राष्ट्रीय वाहिन्यांना शक्य नसते. म्हणून निवडक सामन्यांचे हक्क लीग विकते आणि उरलेल्या बहुसंख्य सामन्यांचे हक्क त्या त्या संघाकडे राहतात. पूर्वी हे सामने स्थानिक विनामूल्य केंद्रांवरून दाखवले जात. परंतु राष्ट्रीय जाळ्याशी संलग्न असलेल्या केंद्रांच्या संध्याकाळच्या वेळा बहुधा आधीच बांधलेल्या असत आणि स्वतंत्र केंद्रांना केवळ जाहिरातींच्या उत्पन्नावर भागवावे लागे. परिणामी अनेक सामने प्रक्षेपित होतच नसत. केबल दूरचित्रवाणीने ही उणीव भरून काढली.

इतिहास

आरंभ

न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागात उंच इमारतींमुळे हवेतून येणारे दूरचित्रवाणी संकेत नीट मिळत नसत. तेथे भूमिगत केबल टाकणाऱ्या चार्ल्स डोलन यांच्या कंपनीने १९६९ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहातील सामने आपल्या ग्राहकांना दाखवण्यास सुरुवात केली. पुढे यातूनच एमएसजी नेटवर्क ही वाहिनी आकारास आली. डोलन यांनीच कल्पिलेल्या होम बॉक्स ऑफिस (एचबीओ) या वाहिनीचा १९७२ सालचा प्रारंभही याच क्रीडागृहातील आइस हॉकीच्या सामन्याने झाला. १९७६ साली फिलाडेल्फियात प्रिझम ही चित्रपट आणि सामने दाखवणारी वाहिनी सुरू झाली. त्याच सुमारास न्यू यॉर्क परिसरात डोलन यांची पुढे स्पोर्ट्सचॅनेल या नावाने ओळखली गेलेली वाहिनी सुरू झाली.

१९८४ साली बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड स्पोर्ट्स नेटवर्क (नेसन) सुरू झाले. रेड सॉक्स हा बेसबॉल संघ आणि ब्रुइन्स हा आइस हॉकी संघ यांचे मालकच या वाहिनीत भागीदार होते. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक जेरी बस आणि केबल उद्योजक बिल डॅनियल्स यांनी प्राइम तिकीट ही वाहिनी स्थापन केली.

वेगळ्या वर्गणीकडून मूळ संचाकडे

प्रिझम आणि नेसन यांसारख्या आरंभीच्या वाहिन्या स्वतंत्र वर्गणी भरणाऱ्यांनाच दिसत. त्यांचे प्रेक्षक थोडे, पण खेळाचे खरे चाहते होते. पुढे या वाहिन्या केबलच्या मूळ संचात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ग्राहकाला घ्याव्याच लागणाऱ्या वाहिन्यांच्या गटात समाविष्ट होऊ लागल्या. प्रत्येक घरामागे मिळणारी रक्कम कमी झाली, परंतु घरांची संख्या अनेक पटींनी वाढली. या व्यवसायाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल होता. संघांना मिळणाऱ्या रकमाही त्यानंतर झपाट्याने वाढल्या. न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १९८८ साली एमएसजी नेटवर्कशी केलेला १२ वर्षांचा करार सुमारे ५० कोटी डॉलरचा होता.

एकत्रीकरण आणि संघांच्या स्वतःच्या वाहिन्या

१९९६ साली रूपर्ट मरडॉक यांची न्यूज कॉर्पोरेशन आणि लिबर्टी मीडिया यांनी प्राइम गटातील वाहिन्या एकत्र आणून फॉक्स स्पोर्ट्स नेट हे जाळे उभारले. पुढील वर्षी स्पोर्ट्सचॅनेल गटात हिस्सा घेतल्यावर त्या वाहिन्याही या नावाखाली आल्या. स्थानिक सामने प्रत्येक प्रदेशात वेगळे, तर उर्वरित वेळेतील अनेक कार्यक्रम सर्वत्र समान, अशी या जाळ्याची रचना होती. १९९७ साली कॉमकास्ट या केबल कंपनीने फिलाडेल्फियात स्वतःची क्रीडा वाहिनी सुरू करून या क्षेत्रात प्रवेश केला.

मध्यस्थाला मिळणारा नफा आपल्याकडेच राहावा, या विचाराने काही संघ स्वतः वाहिनीचे मालक झाले. यांकीज संघाची येस नेटवर्क ही वाहिनी २००२ साली सुरू झाली. सर्वच संघांना हे साधले नाही. मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाची व्हिक्टरी स्पोर्ट्स वन ही वाहिनी केबल कंपन्यांनी न स्वीकारल्यामुळे २००४ साली अल्पावधीतच बंद पडली. ह्यूस्टनमध्ये बेसबॉल व बास्केटबॉल संघांनी कॉमकास्टच्या भागीदारीत २०१२ साली काढलेली वाहिनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीच्या न्यायालयात पोहोचली.

आर्थिक रचना

प्रादेशिक क्रीडा वाहिनीला उत्पन्नाचे दोन मार्ग असतात. पहिला आणि मुख्य मार्ग म्हणजे वहन शुल्क. केबल किंवा उपग्रह कंपनी आपल्या त्या प्रदेशातील प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ठरलेली रक्कम वाहिनीला देते आणि ती ग्राहकाच्या मासिक देयकातून वसूल करते. दुसरा मार्ग जाहिरातींचा असून त्याचा वाटा तुलनेने कमी असतो. खर्चाच्या बाजूला संघाला द्यावयाचे हक्क शुल्क हा सर्वांत मोठा भाग असतो. हक्कांचे करार अनेकदा १५ ते २५ वर्षांचे असतात आणि त्यांतील रक्कम दरवर्षी वाढत जाते.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या प्रदेशात ३० लाख केबल ग्राहक आहेत आणि वाहिनीचे शुल्क दरमहा ४ डॉलर आहे, असे मानू. तेव्हा वाहिनीला वर्षाला १४ कोटी ४० लाख डॉलर मिळतील. या ग्राहकांपैकी दर दहांमागे एकच सामने पाहतो असे धरले, तर तेवढेच उत्पन्न केवळ प्रेक्षकांकडून मिळवण्यासाठी प्रत्येकाकडून दरमहा ४० डॉलर घ्यावे लागतील. म्हणजे चाहत्याला सामने स्वस्तात दिसतात, कारण उरलेली नऊ घरे त्यांचा भार उचलत असतात. उलट, ३० लाखांपैकी १० लाख ग्राहकांनी केबल सोडली, तर उत्पन्न ९ कोटी ६० लाखांवर येते; संघाला देण्याची रक्कम मात्र करारानुसार वाढतच राहते.

या उत्पन्नाचा परिणाम खेळावरही झाला. मोठ्या महानगरांतील संघांना अधिक रक्कम मिळू लागल्याने खेळाडूंच्या वेतनावर अधिक खर्च करणे त्यांना शक्य झाले आणि लहान शहरांतील संघ मागे पडू लागले. हे अंतर कमी करण्यासाठी मेजर लीग बेसबॉलने १९९०च्या दशकापासून स्थानिक उत्पन्नाचा काही भाग सर्व संघांत वाटण्याची पद्धत सुरू केली.

वाद

वहन शुल्काचे तंटे

शुल्कावर एकमत न झाल्यास वाहिनी त्या कंपनीच्या ग्राहकांना दिसत नाही. २००२ साली केबलव्हिजन या कंपनीने येस नेटवर्क स्वीकारण्यास नकार दिल्याने न्यू यॉर्क परिसरातील सुमारे ३० लाख घरांना त्या हंगामात यांकीज संघाचे बहुतेक सामने पाहता आले नाहीत. फिलाडेल्फियात कॉमकास्टने आपली क्रीडा वाहिनी उपग्रह कंपन्यांना अनेक वर्षे दिली नाही. १९९२ च्या केबल कायद्यातील सक्ती उपग्रहाद्वारे पोहोचवल्या जाणाऱ्या वाहिन्यांनाच लागू होती आणि ही वाहिनी जमिनीवरील तारांतून जात असे. कायद्यातील ही पळवाट संघीय दळणवळण आयोगाने २०१० साली बंद केली.

सर्वांत दीर्घ तंटा लॉस एंजेलिसमध्ये झाला. डॉजर्स या बेसबॉल संघाने २०१३ साली टाइम वॉर्नर केबलशी २५ वर्षांचा, ८ अब्ज डॉलरहून अधिक मूल्याचा करार केला. त्यानुसार २०१४ साली सुरू झालेली स्पोर्ट्सनेट एलए ही वाहिनी मागितलेल्या दराने घेण्यास अन्य बहुतेक कंपन्यांनी नकार दिला. १९५० पासून या संघाच्या सामन्यांचे समालोचन करणारे व्हिन स्कली २०१६ साली निवृत्त झाले. त्यांच्या अखेरच्या तीन हंगामांत त्यांच्याच शहरातील बहुसंख्य घरांना त्यांचे दूरचित्रवाणीवरील समालोचन ऐकता आले नाही. शेवटचे काही सामने तेवढे एका विनामूल्य स्थानिक केंद्रावरून दाखवण्यात आले. डायरेक्टटीव्हीने प्रतिस्पर्धी कंपन्यांशी गोपनीय माहितीची देवाणघेवाण केल्याचा आरोप करून न्याय खात्याने २०१६ साली तिच्यावर खटला भरला. तो पुढील वर्षी तडजोडीने मिटला. डायरेक्टटीव्हीच्या ग्राहकांना ही वाहिनी प्रत्यक्षात २०२० साली मिळाली.

प्रक्षेपणबंदी

वाहिनीच्या प्रादेशिक मक्तेदारीला बाधा येऊ नये म्हणून त्या प्रदेशातील प्रेक्षकांना तेथील संघाचे सामने लीगच्या इंटरनेट सेवेवर दाखवले जात नाहीत. यास प्रक्षेपणबंदी म्हणतात. आयोवा राज्य हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. या राज्यात मेजर लीग बेसबॉलचा एकही संघ नाही. तरीही शिकागोचे दोन आणि सेंट लुइस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा व मिलवॉकी येथील प्रत्येकी एक, अशा सहा संघांच्या क्षेत्रांत त्याची गणना होत आली. त्यामुळे सामन्यांसाठी पैसे भरूनही तेथील प्रेक्षकाला सहा संघांचे सामने बंद असत आणि त्यांपैकी काहींच्या वाहिन्या स्थानिक केबलवर उपलब्धही नसत.

घसरण

२०१० च्या दशकात इंटरनेटवरील मनोरंजन सेवांच्या प्रसारामुळे केबल जोडणी तोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले. यांत खेळ न पाहणारे ग्राहक आघाडीवर असणे स्वाभाविक होते. कारण न पाहिलेल्या वाहिन्यांचा भार त्यांच्यावरच होता. ग्राहक घटले की वाहिन्या शुल्क वाढवीत आणि शुल्क वाढले की आणखी ग्राहक जात.

याच काळात या क्षेत्रातील सर्वांत मोठा व्यवहार झाला. डिझ्नी कंपनीने २०१९ साली ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सची बहुतांश मालमत्ता घेतली. भारतातील स्टार इंडिया ही कंपनीही याच व्यवहारातून डिझ्नीकडे आली. ईएसपीएन ही वाहिनी आधीच डिझ्नीची असल्याने स्पर्धा कमी होईल, या कारणास्तव न्याय खात्याने फॉक्सच्या २२ प्रादेशिक क्रीडा वाहिन्या विकण्याची अट घातली. त्यांपैकी येस नेटवर्क यांकीज संघ, सिंक्लेअर, ॲमेझॉन आदींच्या गटाने घेतली. उरलेल्या २१ वाहिन्या सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुपने १० अब्ज डॉलरहून अधिक मूल्याला विकत घेतल्या. यासाठी स्थापन केलेल्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुप या उपकंपनीवर ८ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. त्याच वर्षी डिश या उपग्रह कंपनीने या वाहिन्या दाखवणे थांबवले. पुढील वर्षी कोविड-१९ च्या साथीमुळे सामने खंडित झाले आणि इंटरनेटवरून वाहिन्यांचे संच पुरवणाऱ्या काही सेवांनीही या वाहिन्या वगळल्या. २०२१ साली जुगार व्यवसायातील बॅलीज कंपनीचे नाव घेऊन त्या बॅली स्पोर्ट्स झाल्या. मार्च २०२३ मध्ये डायमंडने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. २०२४ साली वाहिन्यांना फॅनड्युएल या पैज कंपनीचे नाव मिळाले. २०२५ च्या आरंभी कंपनी मेन स्ट्रीट स्पोर्ट्स ग्रुप या नावाने दिवाळखोरीतून बाहेर आली, तेव्हा तिच्याकडील संघांची संख्या घटली होती.

पर्यायी व्यवस्था

घसरणीनंतर संघांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले. नेसनने २०२२ साली केबलशिवाय थेट वर्गणी घेण्यास सुरुवात केली. तिचा दर दरमहा २९.९९ डॉलर होता. सॅन डिएगो पाद्रेस संघाची देय रक्कम डायमंडने थकवल्यानंतर मे २०२३ अखेरीपासून त्याच्या सामन्यांचे प्रक्षेपण मेजर लीग बेसबॉलने स्वतःकडे घेतले आणि त्या प्रदेशातील प्रक्षेपणबंदीही उठवली. फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाने २०२३ साली आपले सामने विनामूल्य स्थानिक केंद्रांवरून दाखवण्याचा निर्णय घेतला. यात हक्कांपोटी मिळणारी निश्चित रक्कम कमी झाली तरी अधिक घरांपर्यंत पोहोचता येते, असा या निर्णयामागील विचार होता.

भारताशी तुलना

इंडियन प्रीमियर लीगचे प्रक्षेपण हक्क भारतीय क्रिकेट नियामक मंडळ एकत्रितपणे विकते. मुंबई वा चेन्नईचा संघ आपल्या सामन्यांचे हक्क स्वतंत्रपणे विकू शकत नाही. त्यामुळे भारतात अमेरिकेसारख्या संघनिष्ठ प्रादेशिक वाहिन्या निर्माण झाल्या नाहीत. येथील क्रीडा वाहिन्यांचे प्रादेशिक रूप भाषेवर आधारलेले असते. २०१७ साली सुरू झालेली स्टार स्पोर्ट्स १ तमिळ ही वाहिनी त्याचे उदाहरण आहे. सामना सर्वांसाठी एकच असतो, फक्त समालोचनाची भाषा बदलते.