तंतू, पट आणि सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल

मागच्या व्याख्यानात आपण अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांनी बनलेली वस्तू, यांच्याबद्दल न्यायदर्शन काय म्हणतं ते पाहिलं. आज तोच प्रश्न घेऊन सजीवांच्या शरीरात डोकावायचं आहे. मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे, तत्त्वज्ञानाचा. पण या विषयाकडे मला एका विद्यार्थिनीनं वळवलं, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी पूर्व विदर्भातली. तिचं लग्न ठरलं होतं. रक्ततपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. ती मला म्हणाली, "सर, मला कसलाच त्रास नाही. मग माझ्यात नेमकं बिघडलंय काय?" मी धीर दिला, उत्तर दिलं नाही. कारण मला ते येतच नव्हतं. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आपलं शरीर ज्या मोठ्या रेणूंवर चालतं त्यांना महारेणू म्हणतात. न्यूक्लिक आम्ले, प्रथिने आणि कर्बोदके हे त्यांचे मुख्य प्रकार. स्निग्ध पदार्थही त्यांच्याच पंक्तीला बसवतात, पण ते लांब साखळीचे नसतात. बाकीच्या तिघांची रीत सारखीच आहे: लहान लहान घटक एकापुढे एक जोडायचे आणि साखळी तयार करायची. माळेत मणी ओवतो ना, तसं.

आता शेतातलं उदाहरण घ्या. ज्वारीचा दाणा आपण खातो, कडबा बैलाला घालतो. दाण्यात मुख्यतः स्टार्च असतं, कडब्यात सेल्युलोज बरंच असतं. दोन्ही कशाचे बनलेले? ग्लुकोजचे. मणी अगदी तोच! फरक फक्त एक मणी दुसऱ्याला कोणत्या बाजूने जोडला आहे, एवढाच. एका जोडणीने साखळी वळत जाते, आपले पाचकरस तिला तोडू शकतात. दुसऱ्या जोडणीने साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते आणि ताटाला ताठपणा येतो. ती जोडणी आपल्याला तोडता येत नाही. बैलालाही येत नाही बरं का, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. म्हणजे द्रव्य तेच, रचना वेगळी, आणि त्यामुळे एक अन्न झालं, दुसरा वैरण.

प्रथिनांत हा खेळ आणखी रंगतो. इथे मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणता मणी कितव्या जागी येणार हे डीएनएवरून ठरतं. साखळी तयार झाली की ती आपोआप विशिष्ट प्रकारे घडी घालते, आणि त्या घडीवर तिचं काम अवलंबून असतं. ख्रिश्चन अनफिन्सन या शास्त्रज्ञाने १२४ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन घेतलं आणि रसायने घालून त्याची घडी मोडली. त्याचं काम थांबलं. मग रसायने काढून योग्य परिस्थिती दिली, तर ते पुन्हा तसंच दुमडलं आणि कामाला लागलं. घडीची सूचना मण्यांच्या क्रमातच होती. याबद्दल त्याला १९७२ साली नोबेल मिळालं.

आता हिमोग्लोबिन. रक्ताला तांबडा रंग देणारं, फुप्फुसातून प्राणवायू नेणारं हे प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात: दोन १४१ अमिनो आम्लांच्या, दोन १४६ च्या. प्रत्येक साखळी लोहाचा एक अणू सांभाळते आणि त्याच्यावर प्राणवायू बसतो. मॅक्स पेरुट्झने या एका रेणूची रचना उलगडण्यात दोन दशकांहून अधिक काळ घालवला. त्याला १९६२ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की, चारपैकी एका साखळीवर प्राणवायू बसला की पूर्ण रेणू किंचित वळतो, आणि उरलेल्या जागांवर प्राणवायू बसणं सोपं होतं. म्हणून फुप्फुसात हा रेणू भराभर भरतो, आणि स्नायूंजवळ भराभर रिकामा होतो. हा गुण सुट्या साखळीत शोधून सापडत नाही. तो चौघींच्या एकत्र येण्यात आहे.

इथे मला आपले नैयायिक आठवतात. कापडाचं समवायी कारण तंतू, पण असमवायी कारण तंतूंचा संयोग, असं ते म्हणतात. आणि तयार झालेला पट ही नुसती तंतूंची बेरीज नव्हे, ती नवी वस्तू आहे. त्यांना रेणूंची रचना ठाऊक होती असा दावा मी करत नाही, तसा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. पण 'कशाचं बनलंय' आणि 'कसं जोडलंय' हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले, आणि ते इथे उपयोगी पडतात.

सिकलसेलमध्ये काय होतं बघा. १४६ च्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढंच. व्हर्नन इंग्रॅमने १९५६-५७ मध्ये हे दाखवलं. डीएनएमध्ये एका अक्षराचा हा फरक. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलिन पाणी टाळतं. ते रेणूच्या पृष्ठभागावर आहे, म्हणून प्राणवायू सोडल्यावर ते शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं. तो आणखी एकाला चिकटतो, असं करत लांब तंतू तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या असह्य वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत, ते या आजाराला कधीही किरकोळ म्हणणार नाहीत.

पण लक्षात घ्या, हा बदललेला रेणू एकटा असताना प्राणवायू जवळजवळ नेहमीसारखाच वाहतो. बिघाड होतो तो रेणूंच्या संयोगात. वाहक व्यक्तीत निम्म्याहून अधिक रेणू नेहमीचे असतात. ते मध्ये आल्याने तंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून वाहक सहसा आजारी नसतो. आणखी एक गोष्ट. १९५४ साली अँथनी ॲलिसनने दाखवलं की वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे हा बदल टिकून राहिला. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत तो आढळतो, त्यात नवल नाही.

तर त्या मुलीला आज मी सांगेन: बाळ, तुझ्यात काही बिघडलेलं नाही. तुझ्या रक्तात एक फरक आहे. जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून दोघांनी तपासणी करायची, विचार करून निर्णय घ्यायचा. जोडीदार वाहक नसेल, आणि हिमोग्लोबिनचा दुसरा कोणता दोष त्याच्याकडे नसेल, तर मुलांना हा आजार होत नाही. तपासणीचा कागद हा सल्ल्यासाठी असतो, माणसावर मारलेला शिक्का नव्हे.

'दोष' हा शब्द वापरताना आपण नेहमी एका वस्तूकडे बोट दाखवतो. प्रश्न विचारायचा तो 'कशाशी जोडल्यावर, कोणत्या परिस्थितीत?' असा. उत्तर द्यायला मला उशीर झाला. ती हे व्याख्यान ऐकत असेल, अशी आशा करतो.

पुढच्या वेळी आपण डीएनए घेऊ: त्याला 'आराखडा' म्हणावं की नाही, हा प्रश्न.