दुसरा मेंदूज्वर आणि परळची वाट

रायगडातल्या धरमतर बंदराला मुंबईची आगबोट लागत होती, त्या काळातली गोष्ट. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून 1893मध्ये हाफकिन हा जंतुशास्त्रज्ञ कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी ज्यूल बोर्दे हा बेल्जियन तरुण त्या संस्थेत रुजू झाला. 1895मध्ये त्याने दाखवले, की कॉलऱ्याचे जंतू मारणारे रक्तद्रव तापवले की निकामी होते आणि लस न टोचलेल्या साध्या प्राण्याचे ताजे रक्तद्रव त्यात घातले की पुन्हा काम करू लागते. उष्णतेने नासणारा हा घटक म्हणजे कॉम्प्लिमेंट. बोर्देला 1919चे नोबेल मिळाले. आपल्याकडे मात्र नाव राहिले ते हाफकिनचे, आणि प्लेगमधली त्याची कामगिरी पाहता ते रास्तच.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली तीसेक प्रथिने. त्यांपैकी सी-5 ते सी-9 एकत्र येऊन जंतूच्या कवचाला भोक पाडतात. कॉम्प्लिमेंटचे एखादे प्रथिन जन्मतः नसलेली माणसे 1960च्या दशकापासून सापडू लागली. सी-3 नसेल तर न्यूमोनियासारखे आजार लहानपणापासून छळतात. शेवटची प्रथिने नसतील तर माणूस एरवी ठणठणीत असतो. त्याला पुन्हा पुन्हा गाठतो तो मेनिंगोकॉकस या जंतूचा मेंदूज्वर. गोची इथेच आहे. दोन आजारांत काही वर्षे जातात, डॉक्टर बदलतो, जुना केसपेपर पावसाळ्यात भिजून गेलेला असतो, आणि दोन आजारांची सांगड कुणी घालत नाही.

हा दोष ओळखणारी सीएच-50 ही तपासणी तशी जुनीच. मेंढीच्या तांबड्या पेशी प्रतिपिंड लावून रक्तद्रवात घालतात. कॉम्प्लिमेंट शाबूत असेल तर पेशी फुटून नळी पारदर्शक लाल होते. नसेल तर पेशी तळाशी बसतात, वरचे पाणी नितळ. पण नमुना उन्हात राहिला तर निरोगी माणसाचाही निकाल खोटा येतो. मुंबईच्या वाटेवर वडखळ नाक्याच्या वाहतूककोंडीत अडकलेली रक्ताची बाटली बर्फात नसेल, तर ती परळला नेण्यात अर्थ नाही. परळला म्हणण्याचे कारण, जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. 1957मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली.

उपाय आहेत: मेनिंगोकॉकसची लस, ठरावीक काळाने तिचा बूस्टर, ताप येताच प्रतिजैविक. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. दोष बहुधा आईवडील दोघांकडून येतो, म्हणून नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांत अधिक दिसतो. घरात कुणाला दुसऱ्यांदा मेंदूज्वर झाला, तर जुना केसपेपर शोधून डॉक्टरांपुढे ठेवा आणि भावंडांचीही तपासणी मागून घ्या.