यंत्राची इंद्रिये आणि बसचा चालक

मे महिन्याच्या दुपारी सीताबर्डीच्या गर्दीतून बस काढणारा चालक केवळ डोळ्यांच्या भरवशावर बस हाकीत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीचा भोंगा, ब्रेकवरील पायाला जाणवणारा भार, खड्ड्याचा हातापर्यंत पोचणारा हादरा, या साऱ्यांची साक्ष तो नकळत एकत्र करतो आणि क्षणार्धात निर्णय घेतो. चालकाविना धावणारी मोटार म्हणजे चाकांवरचा यंत्रमानवच. त्याला हे शिकविणे किती दुष्कर आहे, याचा अनुभव संशोधक घेत आहेत.

कोणतेही एक इंद्रिय येथे पुरत नाही. कॅमेऱ्याला रंग व आकार कळतात. परंतु समोरून ऊन आले की तो दिपतो. लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार अंधारातही आकार टिपते, पण मुसळधार पाऊस वा दाट धुके त्याचे किरण विखुरते. रडारला धुक्याची फारशी बाधा होत नाही. मात्र समोर माणूस आहे की खांब, हे सांगताना ते चाचरते. शरीराच्या उष्णतेवरून माणूस हेरणारा कॅमेरा थंड प्रदेशातील रात्री उत्तम चालतो. नागपूरच्या उन्हाळ्यात रस्ते आणि भिंतीच माणसाइतक्या किंवा त्याहून अधिक तापतात. तेथे त्याने काय ओळखावे?

पण साक्षीदार वाढविले म्हणजे निवाडा बिनचूक होतो असेही नाही. अमेरिकेतील टेम्पी येथे १८ मार्च २०१८ रोजी उबर कंपनीच्या प्रायोगिक मोटारीने हाती सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली व ती मरण पावली. धडकेच्या ५ सेकंदांहूनही आधी रडार आणि लायडार यांना ती दिसली होती, असे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले. परंतु ती वाहन, सायकल की अन्य वस्तू, याविषयी यंत्रणेचे मत बदलत राहिले. ठरावीक जागा सोडून कोणी रस्ता ओलांडील, हे तिच्या रचनेत गृहीतच धरलेले नव्हते. आपल्याकडे तर बहुतेक लोक तसाच रस्ता ओलांडतात! देखरेखीसाठी आसनावर बसलेल्या व्यक्तीचे लक्षही रस्त्यावर नव्हते. काम काढून घेतलेला माणूस सावध राहत नाही.

नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पाने निराळी वाट धरली. महानगरपालिकेच्या बसमधील कॅमेरा समोरचे वाहन वा पादचारी धोक्याच्या अंतरावर आल्याचा इशारा देतो. ब्रेक लावतो तो चालकच. इशारे वारंवार मिळतात त्या जागांची नोंद होऊन अपघातापूर्वीच धोक्याची ठिकाणे हेरता येतात. डोळा यंत्राचा, समन्वय मात्र माणसाचा, अशी ही काटकसरीची विभागणी आहे.

चालकविरहित मोटारी आल्यास लक्षावधी चालकांचा रोजगार जाईल, म्हणून त्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगितले. मजुरी स्वस्त आणि अशी यंत्रणा महाग, तोवर बंदीवाचूनही त्या सहसा येणार नाहीत. खरा प्रश्न आजच्या बसमधील नोंदींचा आहे. त्या रस्ता सुधारण्यासाठी वापरल्या, तर चालक त्या यंत्राला सोबती मानील. पगार कापण्यासाठी वापरल्या, तर पहिल्याच आठवड्यात तो कॅमेऱ्यापुढे फडके टांगील.