तेलात पाण्याचा थेंब पडतो तेव्हा

दिवाळीच्या फराळाची कढई चढली की लहानांना स्वयंपाकघरातून बाहेर घालविण्याची आपली जुनी रीत आहे. ती योग्यच होय. परंतु ओला झारा बुडविताच तेल अंगावर का उडते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

तळणीचे तेल सुमारे १८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेले असते. पाणी १०० अंशांवरच उकळते. शिवाय पाणी तेलाहून जड. सबब थेंब तेलात बुडतो व चोहोबाजूंनी त्यास तेलाचा वेढा पडतो. पातेल्यातील पाणी उकळताना भांड्याच्या खरबरीत तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात. तेलाने वेढलेल्या थेंबास असा आधार मिळतोच असे नाही. मग तो १०० अंश ओलांडूनही क्षणभर पाणीच राहतो आणि एकाएकी फुटतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती जागा वरचे तेल उडवूनच मिळते. तडतड होते ती यामुळेच.

कोणी विचारील, भज्याच्या पिठातही पाणी असतेच, त्याचे काय? ते पिठाच्या बारीक छिद्रांतून थोडे थोडे वाफ होऊन निघून जाते. साबुदाण्याच्या वड्यात ही वाट बंद झाली तर वडा फुटतो. पुरी याच वाफेने फुगते. तेथे मात्र तिचे आपण कौतुक करतो!

खरी भीती तेल पेटण्याची. कढई विसरून तेल तीनशे अंशांच्या पुढे गेले की ते आपोआप पेट घेऊ शकते. अशा वेळी घाबरून तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे अनर्थच. पाणी तळाशी जाते, तेथे त्याची वाफ होते आणि जळते तेल तुषारांसारखे वर फेकले जाऊन ज्वाळा छताला भिडतात. पाणी ओतू नये, कढई उचलू नये. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करावा, बाजूने झाकण सरकवावे व तेल पुरते निवेपर्यंत ते उघडू नये. आग आवरत नसेल तर सर्वांनी बाहेर पडून अग्निशामक दलास बोलवावे.

अंगावर तेल उडाले असेल तर मात्र पाणीच हवे. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. शाई, पीठ, टूथपेस्ट काही लावू नये. फोड आल्यास डॉक्टरांस दाखवावे.